रात्रीचा निकाल कोण वाचतं?

सॉफ्टवेअरच्या चाचण्या रात्री आपोआप चालवणं हे काम अवघड नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण याबद्दल बोलायला लागलं की ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी मोठी विद्या असणार. युनिक्समध्ये ‘क्रॉन’ नावाची सोय सत्तरच्या दशकापासून आहे. अमुक वाजता तमुक आज्ञा चालव, एवढं एका ओळीत लिहिलं की झालं. अवघड आहे ते पुढचं. चाचणी फेल झाली हे कळवायचं कुणाला, कसं, आणि त्या माणसाने ते वाचलं का, हे समजायचं कसं? माझी दहाएक वर्षं या प्रश्नांत गेली आणि त्यातली निम्मी मी पोहरादेवीत, घरी बसून काढली.

पोहरादेवी म्हटलं की लोकांना बंजारा समाजाची काशी आठवते. वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं हे गाव. जगदंबा देवीचं मंदिर, संत सेवालाल महाराजांची समाधी, रामनवमीची यात्रा, आणि 5 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालेलं, नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय. इथे बसून कुणी सॉफ्टवेअर तपासत असेल, हे भाविकांच्या सोडाच, गल्लीतल्या लोकांच्याही गावी नसतं. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागायच्या बेतात होती तेव्हा थोडे कपडे आणि ऑफिसचा लॅपटॉप घेऊन पुण्याहून घरी आले, ती इथलीच झाले. नोकरी तीच राहिली. पण पहिले काही महिने याडीला, म्हणजे आईला, खात्री होती की पोरीची नोकरी गेली आहे आणि ती सांगत नाही. तसा संशय यावा असंच माझं वागणं होतं. रात्री दोनला उठून लॅपटॉप उघडायचा आणि दुपारी पेंगायचं, याला कुणी नोकरी म्हणत नाही.

आमची कंपनी लहान आहे. दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करते. शेतकरी किटली घेऊन येतो, काट्यावर दूध मोजलं जातं, नमुन्यातून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) निघतं, दरपत्रकावरून भाव ठरतो, पावती हातात पडते आणि दर दहा दिवसांनी बिल होतं. गाईच्या दुधाचा मूळ भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला धरतात. त्याच्या वर-खाली प्रत्येक पॉइंटला भाव बदलतो. ग्राहक सगळे कोल्हापूर, सांगली, सातारा, अहिल्यानगरकडचे. आमच्या वाशिमकडे कापूस, तूर, सोयाबीन. दुधाचा धंदा तिकडच्यासारखा इथे रुजला नाही. त्यामुळे ज्या पावत्या मी रोज हजारांनी तपासते, तशी पावती आमच्या घरात कधी आलेली नाही.

सुरुवातीला चाचण्या हातानेच व्हायच्या. नवी आवृत्ती पाठवायची असली की आम्ही दोघी-तिघी टेस्टर आकडे भरत बसायचो. हिशेब बघा. फॅट 3.0 ते 5.0 आणि एसएनएफ 8.0 ते 9.0, दोन्ही 0.1 च्या टप्प्याने घेतले तर एका दरपत्रकात 231 जोड्या होतात. म्हशीचं दरपत्रक वेगळं, प्रत्येक दूध संघाचं वेगळं. माणूस त्यातल्या दहा-बारा जोड्या तपासतो, आणि त्याही 3.5-8.5 सारख्या ओळखीच्या. चूक तिथे कधीच बसलेली नसते. एकदा ती 4.35 मध्ये सापडली. दोन दशांश घरांपर्यंत आलेला फॅट एका घरापर्यंत पूर्ण करायचा, म्हणजे 4.35 चा 4.4 व्हायला हवा. पण संगणकाच्या द्विमान पद्धतीत 4.35 नेमका मावत नाही, केसभर कमी साठवला जातो, आणि पूर्ण करताना त्याचा 4.3 होतो. शेतकऱ्याचे लिटरमागे काही पैसे गेले. त्याला ते कधी कळलं नसतं. आम्हालाही कळलं ते सगळ्या जोड्या, दोन घरांपर्यंतच्या आकड्यांच्याही, यंत्राकडून फिरवून घेतल्या तेव्हाच. पैशाचा आणि फॅटचा हिशेब दशांश पद्धतीच्या आकड्यांतच ठेवायचा, हा नियम त्यानंतर झाला.

सगळ्या जोड्या, सगळे संघ, पावत्यांची छपाई, दहा दिवसांचं बिल, दिवाळीआधी वाटायचा दर फरक, असं सगळं धरलं तर चाचण्यांना तीन-साडेतीन तास लागायचे. दिवसा डेव्हलपर कोड बदलत असतात, चाचणीचा डेटाबेस कुणीतरी वापरत असतो. म्हणून रात्र. त्यासाठी आम्ही जेन्किन्स बसवलं. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टीम्समध्ये असताना ‘हडसन’ नावाने सुरू केलेलं हे साधन; ओरॅकलशी नावावरून बिनसलं आणि 2011 मध्ये ते जेन्किन्स झालं. मोफत आहे, त्यामुळे आमच्यासारख्या कंपनीला सहज परवडलं.

चाचण्या रात्री चालू लागल्या आणि सकाळी सगळ्यांना ईमेल जाऊ लागली. सगळ्यांना, म्हणजे डेव्हलपर, टेस्टर, मॅनेजर, मालक आणि हिशेब बघणाऱ्या बाईंनासुद्धा. पहिल्या आठवड्यात सगळे वाचत होते. महिन्याभरात प्रत्येकाने त्या मेलसाठी वेगळं फोल्डर केलं होतं आणि ते फोल्डर कुणी उघडत नव्हतं. चाचणी फेल झाली तर दहा जणांना माहीत, म्हणजे कुणाचंच काम नाही. प्रत्येक जण समजायचा, दुसऱ्याने बघितलं असेल.

आमचं नुकसान फारसं झालं नाही, कारण आमचा धंदाच तेवढा. याच रोगाचं जगातलं मोठं उदाहरण नाइट कॅपिटल या अमेरिकेतल्या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीचं आहे. 1 ऑगस्ट 2012 रोजी आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहिला होता. बाजार उघडल्यावर त्या सर्व्हरवरचा जुना, वापरात नसलेला कोड जागा झाला आणि पाऊण तासात कंपनीचे 46 कोटी डॉलरच्या वर गेले. माझं लक्ष अडकलं ते वेगळ्याच गोष्टीवर. त्या सकाळी बाजार साडेनऊला उघडायच्या आधीच त्यांच्या यंत्रणेने चूक दाखवणाऱ्या 97 ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवल्या होत्या. अमेरिकी बाजार नियामकाच्या 2013 च्या आदेशात हे नोंदलेलं आहे. त्या मेल इशारा म्हणून तयार केलेल्या नव्हत्या, आणि त्यांच्यावरून कुणी काही केलं नाही. बातमी पोचली होती. ती बातमी आहे हे कुणाला वाटलं नाही, एवढंच.

आता त्या प्रकरणाकडे येते, ज्याने माझं या कामाकडे बघणं बदललं.

सॉफ्टवेअर आधी केंद्रावरच्या संगणकात चालायचं. नंतर ते क्लाउडवर नेलं. त्याच सुमारास रात्रीच्या रनमध्ये पाच-सात चाचण्या फेल होऊ लागल्या. सगळ्या सारख्या: आजच्या तारखेला दुधाची नोंद करायची, मग आजच्या नोंदी मागवायच्या आणि ती त्यात आहे का बघायचं. रात्री दोनला ती सापडायची नाही. सकाळी दहाला तीच चाचणी हाताने चालवली की पास. डेव्हलपरांच्या टीममध्ये एकमत झालं की चाचणीच फ्लेकी आहे, म्हणजे कधी पास कधी फेल होणारी, भरवशाची नसलेली. कुणीतरी उपाय सुचवला की रन दोनऐवजी सकाळी साडेसहाला लावा. लावला. सगळं हिरवं, म्हणजे पास, झालं. टीमने सुटकेचा श्वास टाकला आणि विषय मिटला.

मे महिन्यात सांगली जिल्ह्यातल्या काही केंद्रांवरून तक्रारी आल्या. सकाळचं दूध आदल्या दिवसाच्या खात्यात जातंय. काही शेतकऱ्यांच्या नावावर एका तारखेला सकाळच्या दोन नोंदी, दुसऱ्या तारखेला एकही नाही. कुठे सॉफ्टवेअर नोंदच घेत नाही. म्हणतं, याची आजची सकाळ झाली आहे. सगळ्यांना नाही, थोड्यांनाच. आमच्या ऑफिसात कुणाला काही सुचेना. मी तक्रारीतल्या नोंदींच्या वेळा एका कागदावर उतरून काढल्या. सगळ्या साडेपाचच्या आतल्या होत्या.

ज्यांना संगणकाशी घेणं-देणं नाही त्यांच्यासाठी सांगते. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर, यूटीसीवर, चालतात. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजून नवी तारीख लागते तेव्हा तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, आणि त्या सर्व्हरची तारीख बदलते ती आपल्या पहाटे साडेपाचला. उन्हाळ्यात दूध लवकर येतं. पाचलाच किटल्यांची रांग लागते. पाच ते साडेपाच या अर्ध्या तासात आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला आमचं सॉफ्टवेअर कालच्या तारखेची पावती देत होतं. ऑफिसात बसणाऱ्या कुठल्याच माणसाने ते पहाटे पाचला वापरून पाहिलं नव्हतं. रात्री दोनला वापरणारी होती ती चाचणी, आणि ती रोज खरं सांगत होती. तिचं म्हणणं ऐकायचं सोडून आम्ही तिची वेळ बदलली.

दुरुस्ती एका दुपारची होती. संकलनाची तारीख केंद्राच्या स्थानिक वेळेवरून ठरवायची, सर्व्हरच्या नाही. चुकीची बिलं दुरुस्त करायला मात्र पुढचे दोन बिलकाळ गेले, आणि ते काम केंद्रचालकांनी शेतकऱ्यांची बोलणी खात केलं. रन परत दोन वाजता गेला. वेळापत्रकाच्या ओळीत यूटीसीप्रमाणे आदल्या रात्रीचे साडेआठ लिहावे लागतात, तिथे मी शेजारी टीप टाकली आहे: ही वेळ विचारल्याशिवाय बदलू नये. शिवाय चाचणीत घड्याळच पुढे-मागे करून 31 मार्च, 29 फेब्रुवारी, पहाटेचे 5 वाजून 29 मिनिटं आणि 5 वाजून 31 मिनिटं या वेळा मुद्दाम घातल्या.

फ्लेकी चाचण्या नसतातच असं माझं म्हणणं नाही. गूगलने 2016 मध्ये स्वतःच सांगितलं होतं की त्यांच्या सुमारे 16 टक्के चाचण्यांत कमी-जास्त प्रमाणात हा दोष आहे. तिथे ही गत, तर आमचं काय. पण ‘फ्लेकी’ हे निदान नाही, ते लक्षण आहे. आमच्याकडे पावतीच्या छपाईची एक चाचणी होती. छापलेल्या पावतीचं चित्र ठेवणीतल्या चित्राशी ताडून बघायची. ‘कऱ्हाडकर’ हे आडनाव त्यात मुद्दाम घातलेलं, कारण त्यातलं ऱ्ह कितीतरी प्रिंटरांवर बिघडतं. ती आठवड्यातून दोनदा फेल व्हायची. कारण निघालं ते असं की रन दोन मशीनवर आळीपाळीने जायचा आणि त्यातल्या एकावर देवनागरी फॉन्टची आवृत्ती जुनी होती. म्हणजे ज्या केंद्रावर जुना फॉन्ट असेल तिथे त्या आडनावाच्या शेतकऱ्याला चुकीची पावती मिळणार, हे ती चाचणी आधीच सांगत होती.

आता आम्ही अशा चाचणीला विलगीकरणात टाकतो. हा शब्द करोनाने सगळ्यांना शिकवला. तिच्यासमोर तारीख आणि एका माणसाचं नाव लिहायचं. दोन आठवड्यांत कारण शोधून ती परत आणायची किंवा काढून टाकायची. ‘परत चालवून बघू’ म्हणत तिला तीन-तीनदा चालवून हिरवी करून घेणं मला पटत नाही. पहाटेची चूकही सकाळी परत चालवल्यामुळेच झाकली गेली होती.

दुसरी गोष्ट न येणाऱ्या निरोपाची. जेन्किन्स पहिल्यांदा बसवलं ते ऑफिसातल्या एका जुन्या संगणकावर. काही दिवस एकही फेलची मेल आली नाही. सगळे खूश. मग कळलं की वॉचमन रात्री मेन स्विच बंद करतो आणि संगणक सकाळी कुणीतरी चालू करतं. रनच झालेले नव्हते. त्याची काही चूक नव्हती. वीज वाचवायला त्याला सांगितलेलं होतं.

पुढे याचे बरेच अवतार बघितले. एका डेव्हलपरने लॉग फाइलमध्ये साठवावा म्हणून चाचणीच्या आज्ञेपुढे ‘टी’ ही आज्ञा जोडली. तशी जोडली की शेवटी निकाल ‘टी’चा धरला जातो, चाचणीचा नाही, आणि फाइल लिहिण्यात ‘टी’ सहसा नापास होत नाही. ‘पाइपफेल’ हा पर्याय लावला नाही तर सगळं कायम हिरवं. कोड ठेवायच्या ‘गिटहब’ या सेवेवरच्या सार्वजनिक प्रकल्पात साठ दिवस काही हालचाल झाली नाही तर वेळापत्रकाने चालणारे रन आपोआप बंद होतात. नियम म्हणून ठीक आहे, पण दरपत्रकासारखा कोड सहा-सहा महिने बदलत नाही आणि रन बंद पडलेत हे सहज लक्षात येत नाही.

यावरचा उपाय मला वावरात सापडला. आमच्या विहिरीवरच्या मोटरला मोबाईल स्टार्टर आहे. पेटीत सिमकार्ड असतं. मिस्ड कॉल दिला की मोटर सुरू. लाईट आली, गेली, फेज गेला किंवा विहीर आटून मोटर कोरडी चालायला लागली की पेटीच बापूंना, म्हणजे वडिलांना, फोन करते. थ्री-फेज लाईट पाळीने रात्री येते, तेव्हा हरभऱ्याला पाणी द्यायला थंडीत उठून जायचं वाचतं. एका हिवाळ्यात ओळीने काही रात्री पेटीचा फोन आला नाही. बापूंनी धरून चाललं की लाईटच येत नाही. शेजारच्या वावरात मात्र गहू ओला दिसायला लागला. सिमची मुदत संपली होती. पेटी जागच्या जागी ठीक, लाईट ठीक, मोटर ठीक, आणि निरोप देणारंच मुकं.

तेव्हापासून बापू झोपण्याआधी पेटीला स्वतः फोन लावतात. रिंग गेली की झोपतात. पेटीच्या निरोपावर त्यांनी विसंबणं सोडलं नाही, पण पेटी बोलू शकते का, हे रोज विचारणं आपल्याकडे घेतलं. मी ते बघितलं आणि ऑफिसात तेच लावून घेतलं. रात्रीचा रन संपला की तो दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर एक छोटा संदेश टाकतो: झालो, इतक्या चाचण्या चालल्या. तो सर्व्हर सकाळी सहापर्यंत वाट बघतो. संदेश आला तर गप्प बसतो, नाही आला तर फोन करतो. या धंद्यात याला हार्टबीट म्हणतात आणि ही युक्ती जुनी आहे. मी काही शोधून काढली नाही. रोज ‘सर्व ठीक’ची मेल पाठवून हे साधत नाही. तीही फोल्डरात जाते, आणि एक दिवस ती आली नाही हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

संदेशात चाचण्यांची संख्या का, तर त्यालाही कारण आहे. मध्यंतरी एका वरिष्ठाच्या आग्रहाने अलर्टच्या पहिल्याच ओळीत नाव यायचं: अमुकने बिल्ड मोडला. सगळ्या ग्रुपवर. नव्याने लागलेल्या मुलांना त्याचा एवढा धाक बसला की संध्याकाळी घरी जाताना ते शंका असलेली चाचणी ‘स्किप’ करून ठेवायला लागले. कुणी पकडलं नसतं. पण आठशेच्या वर असलेल्या चाचण्या हळूहळू साडेसातशेवर आल्या आणि निकाल मात्र दिवसेंदिवस हिरवा होत गेला. त्या मुलांना मी दोष देत नाही. चारचौघांत लाज काढणारा अलर्ट असेल तर माणूस अलर्ट बंद करायची वाट शोधणारच. आता अलर्टमध्ये बदलाचा क्रमांक असतो, माणसाचं नाव नसतं, आणि कालच्यापेक्षा चाचण्या कमी चालल्या तर तोही फेलच धरला जातो.

व्हॉट्सअॅप ग्रुपचा प्रयोगही आम्ही केला. त्याबद्दल फार लिहायला नको. सुप्रभातच्या फुलांखाली, वाढदिवसांच्या केकखाली ‘दहा दिवसांचं बिल: फेल’ कुठे गेलं ते शोधायला लागायचं.

शेवटी जे टिकलं ते असं. अलर्ट एका वेळी एकाच माणसाला जातो. आठवड्याची पाळी असते. स्थिती बदलली तरच जातो, पासचा फेल झाला तेव्हा आणि फेलचा पास झाला तेव्हा. मोडलेलीच गोष्ट रोज नव्याने ओरडून सांगत नाही. पहिल्या ओळीत काय मोडलं ते शेतकऱ्याच्या भाषेत: ‘सकाळची नोंद कालच्या तारखेला जातेय’. चाचणीचं लांबलचक इंग्रजी नाव खाली. पैशाचा हिशेब चुकत असेल तर फोन, बाकी सगळं सकाळी आठच्या संदेशात. रंग, अक्षराची जाडी, बटण दोन पिक्सेल सरकलं, असल्या कारणासाठी कुणाची झोप मोडायची नाही, यावर मी भांडले आणि ते मान्य करून घेतलं. दोन-तीनदा फुकट उठवलेला माणूस चौथ्यांदा उठत नाही.

यात भर पडली ती 2023 च्या यात्रेत. त्या वर्षी रामनवमी 30 मार्चला होती, म्हणजे आर्थिक वर्ष संपायच्या आदल्या दिवशी. यात्रेला तेलंगण, कर्नाटक, आंध्र, मध्य प्रदेश, कुठून कुठून लोक येतात. गावात माणूस मावत नाही तिथे टॉवर काय पुरणार! फोन लागत नाही, नेट तर दिसतही नाही. हे मला लहानपणापासून माहीत, म्हणून त्या आठवड्याची पाळी मी कोल्हापूरकडच्या सहकाऱ्याला दिली होती. आदल्या रात्री वर्षअखेरीची चाचणी फेल झाली: 1 एप्रिल ते 31 मार्चचं दूध धरून दर फरक काढायचा, त्यात शेवटचा दिवस सुटत होता. त्याला फोन गेला. त्याचा फोन सायलेंटवर. पंधरा मिनिटांनी यंत्रणेने नियमाप्रमाणे दुसऱ्या क्रमांकाला, मला, लावला. माझा फोन अंगणात उशाशी, दांड्या शून्य. तिसरा क्रमांक यादीत कुणी घातलेलाच नव्हता. सकाळी नऊला पुण्यात कुणीतरी लॅपटॉप उघडला तेव्हा समजलं. नशिबाने ती आवृत्ती ग्राहकांकडे जायची होती संध्याकाळी.

त्यानंतर यादीत तिसरं नाव आलं, आणि ‘मिळालं’ असं कुणी कळवेपर्यंत फोन थांबत नाही. अलर्टचा क्रमांक सायलेंटमध्येही वाजेल अशी सोय पाळीच्या माणसाने सोमवारी करून दाखवायची असते. ‘केली’ असं नुसतं सांगून चालत नाही. दोन-तीन आठवड्यांतून एकदा मी न सांगता एक चाचणी मुद्दाम मोडते आणि फोन कुणाला, किती वेळात जातो ते बघते. पहिल्यांदा केलं तेव्हा टीम चिडली. आता कुणीतरी विचारतं, काल रात्रीची तुमचीच होती ना?

गावात राहून हे काम करायचं तर इन्व्हर्टर लागतो, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम लागतात, आणि घरच्यांना एकदा नीट समजावून सांगावं लागतं की रात्री दोनचा फोन वाईट बातमीचा नसतो. याडीला ते समजायला वेळ लागला. फोन वाजला की अजूनही ती आधी उठून बसते, मग विचारते, तुझं दूधच ना?

मानोरा, दिग्रस, कारंजाकडची मुलं-मुली मला विचारतात की टेस्टिंग शिकायला पुण्याला क्लास लावावा का. लावा, हरकत नाही. पण त्याआधी घरच्या संगणकावर एक छोटा प्रोग्राम लिहा, त्याच्या चार चाचण्या रात्री क्रॉनने चालवा आणि फेल झाल्यावर स्वतःच्याच फोनवर निरोप येईल असं करा. मग एक चाचणी मोडून बघा, आणि दुसऱ्या रात्री संगणकच बंद ठेवून बघा. लागेल ती मदत मी करीन. घरी या, यात्रेचा आठवडा सोडून कधीही. फक्त सकाळी आठनंतर या, त्याआधी मी रात्रीचा लॉग वाचत असते.